आमडोह हॉल्ट

उमरेडच्या अलीकडे, छोट्या लाइनीवर,
धानाच्या बांध्या संपतात तिथे
एक पिवळी पाटी: आमडोह.
खाली समुद्रसपाटीपासूनची उंची,
तिचा शेवटचा आकडा कुणीतरी खडा मारून उडवलेला.
म्हणजे हे गाव नेमकं किती उंचावर आहे
ते आता रेल्वेलाही सांगता यायचं नाही.

मला धाडलं होतं नागपूरहून, तीन दिवसांसाठी,
छापील फॉर्म, एक कार्बन आणि क्लिपची फळी देऊन:
चढले किती, उतरले किती, तिकिटं किती.
रोजची पंचवीस भरत नसतील
तर गाडी थांबवायची कशाला?
साधा हिशेब. कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं.

इथे मास्तर नाही. सिग्नल नाही.
घंटा होती, तिची नुसती कडी उरली आहे.
कडीवर ओला दुपट्टा वाळत होता.

कौतिका मेश्राम फलाट झाडते.
“पैसे कोण देतं?” मी विचारलं.
“आपल्या आंगनाचे कोनी पैसे देते का जी?”
आणि माझ्या बुटांभोवतून खराटा नेला,
जसा खांबाभोवतून नेतात.

तिकिटं विकतो सदाराम नेवारे, कमिशनवर.
आठवड्यातून एकदा सायकलनं उमरेडला जातो,
गठ्ठा आणतो बंडीच्या आतल्या खिशात,
घामानं ओला झालेला,
मग आल्यावर उन्हात मांडतो, पापडासारखा.

पहिला दिवस. चढले सात.
उतरले पाच, त्यात एक बकरी.
बकरी मी खोडली.
तिकिटं सव्वीस.

दुसरा दिवस. चढले नऊ.
एक म्हातारा चढून परत उतरला, चष्मा राहिला म्हणून.
गाडीनं वाट पाहिली,
मग पाहिली नाही.
तिकिटं सव्वीस.

दुपारी सदारामनं बिस्किटांचा डबा काढला.
मला वाटलं, चहासोबत देतोय.
आत तिकिटं. कोरी करकरीत,
वर्षावार रबर लावलेली.

“हे इतवारी. हे तुमसर रोड.
हे नागभीड, मायच्या तेरवीच्या दिवशीचं.
काल बालाघाटले गेलतो. आज गोंदिया, लेकीकडं.
जागचा नाई हललो, साहेब, पन फिरनं लय झालं.”

“आणि एवढे पैसे?”
“कमिशन भेटते ना जी. दहाच्या तिकिटामागं रुपया.
मले नवातच पडते.”

लेकीकडे खरंच कधी गेला नाहीत?

त्यानं डब्याचं झाकण दाबलं. एका बाजूनं बसलं,
दुसऱ्या बाजूनं उठलं.
“गाडी आली, का तिकीट द्याले कोन राहीन अठी?”

रात्री मी बाकावर फॉर्म उघडून बसलो.
रकाने होते: चढणारे, उतरणारे.
तिकीट काढून थांबलेल्यांचा रकाना नव्हता.
बोडीतले बेडूक बोलत होते.
एक मालगाडीसुद्धा आली नाही
की तिच्या आवाजात काहीतरी लिहून टाकावं.

तिसरा दिवस. चढले आठ.
तिकिटं चोवीस.
सदाराम माझ्याकडे पाहत नव्हता.
महिनाअखेर होती.
माझ्या खिशात पास. पासवाल्याला तिकीट लागत नाही.

चोवीसच लिहिले. दोनदा तपासले.
खाली शेऱ्याची जागा होती, दोन ओळींची.
तिथे लिहिलं: फलाट स्वच्छ.
एक प्रवासी अद्याप गाडीत चढायचा आहे.

गाडी सुटल्यावर लक्षात आलं,
कार्बन मी तिन्ही दिवस उलटा घातला होता.
ऑफिसची प्रत कोरी.
सगळं माझ्याच कागदाच्या पाठीवर उमटलेलं,
उलट्या अक्षरांत,
बकरीसकट.